चरापलीकडचं मतदान केंद्र

१ मार्च

टिल्लू,

घरून मत देऊ द्यावं, हा माझा अर्ज निवडणूक कार्यालयाने फेटाळला, म्हणून तुला हे पत्र लिहिते आहे. दुसरं काहीही कारण नाही. तब्येतीची चौकशी, घरची खुशाली वगैरे गाळलं आहे.

कार्यालयाचं उत्तर दोन ओळींचं आहे. पालिकेच्या निवडणुकीत घरून किंवा टपालाने मतदान करण्याची सोय नाही. मतदाराने केंद्रावर स्वतः हजर राहिलं पाहिजे. मी स्वतः हजर राहायला तयार आहे. केंद्र समोरच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर आहे. माझ्या खिडकीतून त्याचं फाटक दिसतं, फाटकाला टेकवलेली सायकल दिसते, शिपाई खुर्चीत झोपला की त्याचं उघडं तोंडही दिसतं. मधे फक्त रस्ता. आणि रस्त्याच्या अलीकडे, आमच्या दारांना लागून, गटाराचे नळ टाकायला खणलेला तुझा चर.

'मी कुठे खणला, कंत्राटदाराने खणला,' असं तू म्हणशील. पहिली कुदळ तू मारलीस आणि फोटोत तूच होतास. कंत्राटदार मला कधी दिसला नाही.

तू इकडे फिरकला नाहीस, तेव्हा सांगते. आमच्या रांगेला मागचं दार नाही. मागे कारखान्याची भिंत आहे. पुढे सगळ्या घरांचा मिळून एक व्हरांडा, आणि व्हरांड्याखाली लगेच चर. एका टोकाला पंपाचा खड्डा, दुसऱ्या टोकाला नळांचा ढीग. बाहेर पडायचं तर चरावर टाकलेल्या एका फळीवरून. धडधाकट माणसं हात पसरून डोंबाऱ्यासारखी जातात. मीही तशीच जात होते, एकदा गेले नाही. खुबा मोडला. दवाखान्यातून मला स्ट्रेचरवर घालून आत आणून ठेवलं, ती अजून आतच आहे. दवाखान्यात तू फळांची टोपली पाठवली होतीस. तिच्यावर तुझं प्रचाराचं कार्ड होतं. फळं चांगली होती.

आपण का बोलत नाही ते तू विसरला असशील. प्रभागाच्या सभेत मी उभी राहून विचारलं होतं, हा चर कधी बुजवणार? तू माइक तोंडाजवळ घेऊन म्हणालास, 'आमच्या ताईचं घरी ऐकून घ्यायला कोणी नाही ना, म्हणून ती सभेला येते.' सभागृह हसलं. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. तुला लहानपणापासून टाळ्या कशा घ्यायच्या ते कळतं.

मला काय हवं ते लिहिते. चरावर एक पूल. वॉकर जाईल एवढा रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. माझ्या एकटीसाठी नको. शेजारचे घड्याळजी आहेत, त्यांना चार पावलं टाकली की भिंतीला टेकून दम खावा लागतो. त्यांच्या पलीकडे ते जोडपं आहे, तिला दिसत नाही आणि त्याला ऐकू येत नाही. दोघं मिळून एक पूर्ण नागरिक होतो. या रांगेत फळीवरून जाऊ न शकणारी आणखीही आहेत. पूल मतदानाच्या दिवशी हवा आणि त्यानंतर चर बुजेपर्यंत हवा. तू नगरसेवक आहेस. हे उपकार नाहीत.

टेलिफोन खात्यात असताना निवडणुकीचं काम दर वेळी माझ्या गळ्यात पडायचं. आम्हाला शिकवलेलं असायचं, की वेळेत फाटकाच्या आत आलेला माणूस मत दिल्याशिवाय परत पाठवायचा नाही. फाटकापर्यंतच न आलेल्यांचं काय करायचं, ते कोणी शिकवलं नाही. मतदान कमी झालं की वर्तमानपत्रं लिहितात, मतदार उदासीन. मी उदासीन नाही, टिल्लू. मी कोंडलेली आहे. माझी मोजणी चुकीच्या रकान्यात व्हायला नको.

आणि हे आधीच सांगते: माझं मत तुला नाही. मागाहून फसवलं म्हणू नकोस.

फोन करून पाहिला. तुझा माणूस उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. त्याच वेळी मागे तुझं हसणं ऐकू येत असतं. म्हणून पत्र. कामवालीच्या हाती पाठवते आहे.

ताई

५ मार्च

टिल्लू,

काल तुझा माणूस आला. तो भरघोस मिशीचा, जो फोनवर तू मीटिंगमध्ये असल्याचं सांगतो. सोबत लाकडी खुर्ची होती, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले.

"आजी, साहेबांनी खुर्ची पाठवलीय. पंधरा तारखेला तुम्ही नुसतं बसायचं. आपली चार पोरं उचलून थेट आत नेतील."

"तुझ्या साहेबाची मी बहीण. तर तुझी आजी कशी?"

तो गोंधळला. "मग... आत्या?"

"काहीही म्हण. घड्याळजींना कोण उचलणार?"

"ते आपले मतदार आहेत का?"

"ते तुला कसं कळणार?"

"कळतं हो, आत्या. दाराशी गेलं की चेहऱ्यावर कळतं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो जरा मागे सरकला. "फोटो तेवढा काढायचाय. ओळसुद्धा लिहून झालीय. 'बहिणीचा कौल भावाला.' साहेबांनी स्वतः लिहिली."

मी त्याला सांगितलं, चौघांनी उचलून न्यायची वेळ माझी अजून यायची आहे. ती आली की मी तक्रार करणार नाही, फोटोही काढा. तोवर नाही. शिवाय उमेदवाराने मतदाराला वाहून नेणं गुन्हा आहे, मग ते मोटारीतून असो की खुर्चीतून. तुझ्या माणसाला हे माहीत नव्हतं. तुला आहे.

खुर्ची परत पाठवली. फळीवरून नेताना त्याची जी त्रेधा उडाली, ती मी खिडकीतून पाहिली. पोरगा धडधाकट आहे, तरी घाबरला. त्याने मागे वळून खिडकीकडे पाहिलं. एक क्षण आमची नजरानजर झाली आणि मला वाटतं त्याला माझं पत्र कळलं. तुला कळलेलं दिसत नाही.

मी पूल मागितला होता.

ताई

९ मार्च

टिल्लू,

आज तुझी बायको आली होती. तू पाठवलंस असं ती म्हणाली, म्हणून तिच्याशी काय बोलणं झालं ते लिहिते. तिच्या तोंडून तुला गुळगुळीत केलेलं ऐकायला मिळेल.

ती फळीवरून सहज चालत आली. हात पसरले नाहीत, खाली पाहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वडिलांच्या वखारीत खोक्यांच्या थप्प्यांवरूनच मोठी झाले, ताई." तिच्या वडिलांचा खोकी बनवायचा धंदा होता हे मला माहीत होतं. ती स्वतः खोकी ठोकायची, हे आज कळलं. तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली!

"ते म्हणतात, पूल टाकायला हरकत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आधीच लिहून बसलात ना, मत देणार नाही म्हणून. निदान गप्प राहायचं होतं."

"तू गप्प राहतेस. तुला काय मिळालं?"

मला वाटलं ती रडेल. मी पाण्याचा पेला जवळ सरकवून ठेवला. ती हसायला लागली. "ताई, तुम्हाला तो माइक एकदाच लागला हो. आमच्या घरात तो रोज चालू असतो."

बाहेर पंप सुरू झाला. तो सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात आणि सगळ्या घराला कुजक्या पाण्याचा वास येतो. दार-खिडकी लावून घेतली तर वास आतला आत फिरतो, उघडली तर नवा येतो. तिने नाकाला पदर लावला नाही. मी ते लक्षात ठेवलं आहे.

निघताना तिने वॉकरची रुंदी वितींनी मोजून घेतली. मला म्हणाली, "चालून दाखवा." मी स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत चालून दाखवलं. रोज तेवढंच चालते. डॉक्टरांनी सांगितलं आहे, की आता पाय चालायला हरकत नाही. पण दार उघडलं आणि फळी दिसली की पाय जागचे हलत नाहीत. कामवाली आली की मी दार उघडते आणि पाठ करून उभी राहते. हे तुला सांगायचं नव्हतं. शाईने लिहून झालं आहे, खाडाखोड करत नाही.

तिला मात्र ते मी न सांगता दिसलं असावं. ती म्हणाली, "कठडा घट्ट लागेल."

पूल येईल असं तिने सांगितलं आहे. तुझ्या शब्दावर नाही, तिच्या शब्दावर मी थांबते आहे.

ताई

१४ मार्च

टिल्लू,

पूल आला. दुपारी टेम्पोतून आणून तुझ्या माणसांनी टाकला. रुंद आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे, हलत नाही. घड्याळजी त्याच्यावर मधोमध उभे राहून पाच मिनिटं नुसता रस्ता बघत होते. "गल्लीत दुकानं बदललीत," म्हणाले. एवढ्यापुरते तुझे आभार मानते.

आता कामाचं. त्या पुलावर तू तुझी निशाणी रंगवली आहेस. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी शिडी, आणि खाली लाल अक्षरांत 'आपला माणूस, आपला पूल'. वाचनालयाचं फाटक तिथून हाक मारण्याच्या अंतरावर आहे. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या एवढ्या जवळ उमेदवाराची निशाणी चालत नाही, हे तुझ्या तिसऱ्या निवडणुकीत मी तुला सांगायला हवं? लोकांना तुझ्या शिडीवर पाय देत मत द्यायला जायचं आहे, हे रंगवणाऱ्याला गमतीचं वाटलं असेल. उद्या सकाळी केंद्राध्यक्ष पाहील आणि पूल काढायला लावील. मग आम्ही पुन्हा आत.

एक डबा काळा रंग आणि एक कुंचला, एवढंच काम आहे. आज संध्याकाळीच माणूस पाठव. मी स्वतः केलं असतं, पण वाकता येत नाही.

हे मी निवडणूक कार्यालयाला कळवू शकते. खरं तर कळवायला हवं. कळवलं तर पूल जाईल, म्हणून कळवत नाही. नियम डोळ्यांसमोर मोडलेला दिसत असताना मी गप्प बसले आहे. तू माझ्यावर ही वेळ आणलीस, याचा मला किती राग आहे ते लिहायला हे पान पुरणार नाही.

दार आज उघडंच ठेवलं आहे. बाहेर अजून पडले नाही. उद्या पडेन.

हे पत्र मिळताच वाच.

ताई

१५ मार्च, संध्याकाळ

टिल्लू,

कालचं पत्र तू उघडलंच नाहीस. तुझ्या बायकोने उघडलं. आज इथे काय झालं ते तुला मिशीवाल्याने सांगितलं असेल, पण तो बिचारा तुला घाबरतो आणि घाबरलेला माणूस अर्धंच सांगतो. म्हणून लिहिते.

सकाळी मी तयार होऊन दाराशी खुर्ची टाकून बसले होते. घड्याळजी इस्त्रीचे कपडे घालून कठड्याला टेकले होते. ते जोडपंही बाहेर आलं होतं, ती त्याला म्हणत होती, "पूल कसा दिसतो सांगा ना," आणि तो म्हणत होता, "हो हो, आठला उघडेल."

केंद्राध्यक्ष फाटकातून बाहेर आली. तरुण बाई आहे, गळ्यात ओळखपत्र, चालणं चटपटीत. तिने पूल पाहिला आणि मिशीवाल्याला म्हणाली, "ही निशाणी झाका, नाहीतर पूल काढा. मतदान सुरू व्हायच्या आत." झाका, हे तिने आधी म्हटलं, हे लक्षात घे. बाई समजूतदार होती.

मिशीवाल्याने तुला फोन लावला. त्याला स्पीकरवर बोलायची सवय आहे. तुझं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ज्याला ऐकू येत नाही तो सोडून.

"काढा," तू म्हणालास. "उचलून टेम्पोत टाका."

"साहेब, झाकलं तरी चालेल म्हणतात."

"झाकून काय उपयोग? मग पूल कोणाचा ते कळणार कसं? आणि ताईची ती रांग आपली कधी होती रे? काढा."

टिल्लू, सभेत तू माझ्यावर विनोद केलास तेव्हा निदान मी उभी होते आणि तू मला पाहून बोललास. आज तू न पाहता बोललास. घड्याळजींनी कठड्यावरचा हात काढून घेतला. परक्याच्या वस्तूला चुकून हात लागला की माणूस काढतो, तसा. मी खुर्चीत बसून फाटकाकडे बघत राहिले. फाटकात लोक जमायला लागले होते. त्यांच्यातला एक जांभई देत होता. मला त्या जांभईचा हेवा वाटला.

तुझे चौघे जण खाली वाकले. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने तुझी बायको आली आणि पुलाच्या मधोमध येऊन उभी राहिली. छातीवर तुझा बिल्ला होता, खांद्याला पिशवी.

"वहिनीसाहेब, उतरा जरा," मिशीवाला म्हणाला.

"का रे?"

"पूल काढायचाय."

"काढ की. मी नको म्हटलं का?"

"तुम्ही उभ्या आहात ना त्याच्यावर."

"हो, मलाही तसंच वाटतंय."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत. मला सवय आहे. तुला नाही का?"

त्या चौघांतला एक फिसकन हसला. मिशीवाल्याने फोन तिच्यापुढे धरला. तू म्हणालास, "काय तमाशा लावलाय तिथे?" ती म्हणाली, "तमाशा नाही, पूल आहे," आणि तिने फोन बंद केला. तिला फोन धड बंद करता येत नाही, असं तू चारचौघांत सांगायचास.

मग तिने बिल्ला काढून पिशवीत टाकला आणि पिशवीतून हातोडा काढला. कालचं पत्र वाचून ती घरून खिळे घेऊनच निघाली होती. पंपावर घातलेली गोणपाटं तिने मिशीवाल्याकडूनच आणवली, झटकून पुलावर अंथरली आणि गुडघ्यांवर बसून ठोकायला लागली. खिळे ओठांत धरलेले. एका खिळ्याला दोन घाव, तिसरा नाही. केंद्राध्यक्ष वर उभी राहून बघत होती. "शिडीची एकही पायरी दिसता कामा नये," ती म्हणाली. तुझी बायको खिळे तोंडात ठेवूनच म्हणाली, "दिसणार नाही बाई. मी इतकी वर्षं झाकतेच आहे."

आठ वाजले. घड्याळजी आधी गेले. मग ते जोडपं.

माझी पाळी आली तेव्हा मी उठले, वॉकर धरला, उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. मला पूल दिसत होता, रुंद, घट्ट. पण पायाला ती जुनी फळीच दिसत होती. मागे लोक असते तर त्यांनी ढकललं तरी असतं. मागे माझं रिकामं घर होतं. तुझी बायको पलीकडे उभी होती. तिने हात पुढे केला नाही, 'या ताई, या' असं काही म्हटलं नाही. ती कठड्याचा शेवटचा खिळा बसला की नाही ते हलवून बघत होती, जणू मी येणार हे धरूनच चाललं होतं. मला त्याचा राग आला आणि त्या रागात मी अर्धा पूल ओलांडला. उरलेला गोणपाटाकडे बघत ओलांडला. खाली पाणी होतं. बघितलं नाही.

रस्ता ओलांडताना ऊन लागलं. इतक्या दिवसांनी उन्हाची सवय राहत नाही, डोळ्यांत पाणी येतं.

आतलं सांगण्यासारखं एवढंच, की त्या न दिसणाऱ्या बाईचा सोबती म्हणून तिचा नवरा आडोशामागे गेला. शिक्का कुठे मारायचा ते तिने त्याला सांगायचं आणि ते गुप्त ठेवायचं, असा नियम. तिने इतक्यांदा आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की सगळ्या खोलीला कळलं. केंद्राध्यक्षेने कपाळाला हात लावला. ते मत तुला नव्हतं.

माझं बोट पुढे केलं, शाई लावली, मतपत्रिका दिली. आडोशामागे मी शिक्का हातात घेऊन जरा वेळ उभी राहिले. उभं राहण्याची सवय गेली आहे, म्हणून. मतपत्रिकेवर तुझं पूर्ण नाव छापलं होतं, वडिलांच्या नावासकट. तुला ते लिहायला मी शिकवलं होतं. नंतर घडी घातली आणि पेटीत टाकली. कुणाला दिलं ते आता सांगत नाही. आधी जे लिहिलं होतं ते आधीचं.

तुझ्या बायकोचंही मत याच केंद्रावर होतं. ती माझ्यामागे आत गेली. मी विचारलं नाही.

परत येऊन दार लावलं नाही. ते रात्रीपर्यंत उघडं राहील.

ताई

१९ मार्च

टिल्लू,

तू निवडून आलास. अभिनंदन. हे उपरोधाने लिहिलेलं नाही.

आमच्या केंद्रावर तुला मागच्यापेक्षा जास्त मतं पडली, असं घड्याळजी ऐकून आले. रांगेतून तुला एक मत नक्की गेलं. तो ज्याला ऐकू येत नाही, तो सगळ्यांना सांगत फिरतो आहे, की पूल दिला म्हणून मी शिडीला दिलं. फोनवरचं तुझं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. कालपासून त्याची बायको त्याच्याशी बोलत नाही. बोललेलं त्याला कळत नाही, ही तिची आणखी एक पंचाईत. तिचं मत त्याने कुठे मारलं असेल, यावर ती आता शंका घेते आहे. म्हणाली, "चालून गेले खरी, पण पोचले की नाही कोणास ठाऊक."

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तुझा टेम्पो आला आणि पूल घेऊन गेला. गोणपाट उपटून चरात टाकलं, खालची शिडी पुन्हा पिवळीधमक बाहेर आली. पुढच्या प्रभागात तुझा सत्कार आहे, तिथे व्यासपीठाला चढायला पूल लावायचा आहे, असं मिशीवाला म्हणाला. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. फळी पुन्हा टाकली आहे. घड्याळजी आत आहेत. ते दोघं आत आहेत. मी आत आहे. पंप चालू आहे.

फरक एवढाच की आता इथे दोघी आहोत. तुझी बायको मतदानानंतर परत गेली नाही. मी तिला बोलावलं नव्हतं आणि जा म्हणणारही नाही. मला घरात माणसाची सवय नाही. ती भांडी माझ्यापेक्षा वेगळ्या जागी ठेवते आणि झोपेत बोलते. काल झोपेत कुणाला तरी 'थांब' म्हणाली. जागेपणी फळीवरून रोज दोनदा जाते-येते आणि रांगेतल्या सगळ्यांचं सामान आणते. उद्यापासून ती पालिकेत येणार आहे. तुझ्या घरी नाही, तुझ्या कार्यालयात, इतरांबरोबर बाकावर बसून. तिचा अर्ज मी लिहून दिला आहे: चर बुजेपर्यंत कायमचा पूल. खाली रांगेतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. तू मीटिंगमध्ये असशील तर ती थांबणार आहे.

आज दुपारी तुझा माणूस तुझ्या वस्तू न्यायला आला. त्याच्या हाती दिलं ते खाली लिहिते. नंतर वाद नको.

तुझ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा. कपाटाची किल्लीही त्यातच आहे.

शिडीचा बिल्ला. टाचणी वाकलेली आहे, ती तशीच होती.

तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, ज्या तिच्या पिशवीत राहिल्या होत्या. सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या पुड्यांत बांधून तिने वर लिहिलं आहे. सकाळची उपाशीपोटी घ्यायची नाही.

तिच्या नावाने आलेली तुझ्या सत्काराची निमंत्रणपत्रिका, न फोडता.

वरील सर्व मोजून घेतलं, अशी त्याची सही घेतली आहे. साहेबांनी वहिनीसाहेबांनाही घेऊन यायला सांगितलंय, असं तो म्हणाला. ती वस्तू नसल्यामुळे यादीत घेतलेली नाही. तो तिला स्वतः विचारायला व्हरांड्यात गेला. तिने उत्तर दिलं आणि तो एकटा फळीवरून परत गेला.

ताई